जागांविषयी स्पष्ट मत

४ मार्च, सोमवार
आज घडले ते असे:
१. वर्तमानपत्राच्या कचेरीतली लिफ्ट तपासायला गेले.
२. लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली. आत पुरवणीच्या संपादकबाई.
३. त्यांना बाहेर काढले.
४. त्यांनी माझा तपासणी अहवाल वाचला. म्हणाल्या, किती नेमकं लिहितेस गं. आमचे संगीत समीक्षक पाय मोडून पडलेत. शनिवारचं गाणं ऐकून लिहिशील? जमलं तर सदर तुझंच.
५. विचार करून सांगते म्हटले. जिना उतरायच्या आत हो सांगितले.

सदराबरोबर फोटो छापतात. मला त्याचे काही नाही.

६ मार्च, बुधवार
फोटो काढून आणला. ऐनवेळी धावपळ नको.
शास्त्रीय संगीत ही शेवटी एक यंत्रणाच आहे. शुक्रवारपर्यंत समजून घेईन. आई म्हणाली, माझा जन्म गेला ऐकण्यात आणि तू शुक्रवारी आटपणार? लहानपणी गाण्याच्या क्लासला निघालं की पोट दुखायचं तुझं. आईला पद्धतशीर काम ठाऊक नाही.

८ मार्च, शुक्रवार
अभ्यास झाला नाही. मात्र पाटी कोरी असली की मत निःपक्षपाती राहते.

९ मार्च, शनिवार
गायिकाबाई साठीच्या, करारी. साथीला पेटीवाला. त्याची बोटे शेवटपर्यंत पाहिली. केवळ यांत्रिक कुतूहल. शर्ट निळा.
शेजारचे आजोबा सारखे मान हलवून म्हणत होते, वा, काय जागा! मध्यंतरात बायकोला म्हणाले, असल्या जागा कुणाच्या बापाला जमायच्या नाहीत. नवल वाटले. माझी खुर्ची डुगडुगत होती. रसिकांचे खरे लक्ष जागांकडे असते तर. मग हा विषय माझाच.

११ मार्च, सोमवार
छापून आले. गाण्याबद्दल चार ओळी: आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचला, वगैरे. मग स्पष्ट मत: ‘जागांनी मात्र निराशा केली. बहुतेक जुन्या आणि खिळखिळ्या, दोन तर चक्क मोडक्या. काही दुसरीकडून उचलून आणलेल्या दिसल्या. इतक्या वर्षांनी तरी त्या बदलायला हव्यात.’

१२ मार्च, मंगळवार
संपादकबाई म्हणाल्या, सकाळपासून फोन खाली ठेवता आलेला नाही, एवढं धाडस आमच्याकडे आजवर कुणी केलं नव्हतं. म्हटले, दिसले ते लिहिले. त्या म्हणाल्या, दिसलं? सदर मला मिळाल्यातच जमा.
पेटीवाल्याचाही फोन. आवाज चांगला आहे. म्हणाला, बाईंनी दुसरीकडून उचललेली जागा कुठली, एकदा सांगाच. म्हटले, तिसऱ्या रांगेत, डावीकडून दुसरी. त्याने रांग पुन्हा विचारून घेतली आणि फोन ठेवला. पटले असावे.

१३ मार्च, बुधवार
आईने कात्रण वाचले आणि हसता हसता खालीच बसली. मग सांगितले: गाता गाता सुरांचं एखादं असं सुंदर वळण येतं की ऐकणाऱ्याच्या तोंडून वा निघतं, त्याला जागा म्हणतात. तू बसलीस ती खुर्ची. बाईंच्या जन्माच्या कमाईला खिळखिळी म्हणालीस, कार्टे.
संज्ञांची व्याख्या आधी देत नाहीत, हा या क्षेत्राचा दोष आहे.
खुलासा पाठवला. सदर जुन्या समीक्षकांकडेच. ते पलंगावरून लिहिणार. संपादकबाई म्हणाल्या, तू आपली लिफ्ट बघ, परत अडकतेय.
सभागृहाच्या व्यवस्थापकाने खुर्च्या दुरुस्तीला काढल्या. बरोबर अर्थ लागलेला वाचक एकच.

१४ मार्च, गुरुवार
पेटीवाल्याला फोन करून खरे सांगितले. म्हणाला, खुलासा वाचल्यापासून बाई हसताहेत. म्हणतात, पोरीला डोळे आहेत, कानांचं बघावं लागेल.
बाई शनिवारी शिकवतात. साथीला तोच असतो. त्याचा याच्याशी संबंध नाही. फोटो खणात ठेवला.
बाईंना पाठवायचा मजकूर, चौथ्यांदा लिहून पक्का केलेला:
‘सादर नमस्कार. चूक माझी आहे. गाण्यातले मला काही कळले नाही, तरी डुगडुगत्या खुर्चीवरून शेवटपर्यंत उठवले नाही. त्याचे कारण समजून घ्यायचे आहे. आपल्या शनिवारच्या वर्गात माझ्यासाठी जागा आहे का? बसायची. कृपया शुक्रवार, २२ मार्चपर्यंत कळवावे.’