‘बहुतेक’ला संदर्भ हवा

आई, धाकट्या मावशीला आज पेसमेकर बसवतायत. नाशिकला दुपार झाली असेल. इथे इंग्लंडात, मिल्टन कीन्सला, मी सकाळपासून लॅपटॉपसमोर आहे, फोन हाताशी, आणि मीटिंगमध्ये कोण काय बोलतंय ते डोक्यात शिरत नाही. आठवडाभर ती नको म्हणून अडून बसली होती, आणि ते माझ्यामुळे.

तू गेल्यावर मी मराठीतल्या एका ऑनलाइन विश्वकोशात लेख लिहायला लागलो. पैसे नाहीत, वर नावही नाही. तुझ्या हॉस्पिटलच्या लायब्ररीने काढून टाकलेली मेडिकल डिक्शनरी तू मला आणून दिली होतीस, तिच्यावर मी शिकलो. कॉलेजात कुणी शिकवलं नाही. पेसमेकरचा लेख माझा. त्यात संदर्भाशिवाय एक वाक्य सापडणार नाही. एक हृदयरोगतज्ज्ञ लेखाला जोडलेल्या चर्चापानावर म्हणाले की धोक्यांची यादी अपुरी आहे. मी ती पूर्ण केली आणि उचलून पहिल्याच परिच्छेदात ठेवली. मग एका शाळामास्तरांनी लिहिलं, साहेब, आमच्यासारख्यांना हे झेपत नाही. मी उत्तर दिलं, विश्वकोश म्हणजे शाळेचं पुस्तक नव्हे. त्या उत्तरावर मी खूशही होतो.

आणि मावशी ओट्यापाशी चक्कर येऊन पडली. नाडी फार मंद. डॉक्टरांनी पेसमेकर सांगितला, तिने मोबाइलवर शोधलं, तर समोर भाच्याचाच लेख. वर नाव नसलं तरी तो माझा, हे मीच तिला कधीतरी मिरवत सांगितलं होतं.

"फुप्फुसाला भोक पडतं, वायर निसटते, हे तूच लिहिलंयस ना?" ती फोनवर म्हणाली. "मग मला कशाला तिकडे पाठवतोस?"

हे क्वचित होतं, मी सांगत होतो, आणि क्वचित म्हणजे किती ते खाली तक्त्यात दिलंय.

"तिथपर्यंत कोण जातंय रे बाबा."

फोन ठेवला आणि ग्लासगोचं आपलं किचन आठवलं. शेजारच्या म्हाताऱ्या बाई दारात उभ्या आहेत, त्यांचं घर गरम ठेवणाऱ्या बॉयलरची ज्योत विझलीय. मी कॉलेज सोडून घरी बसलेला, त्यांना थर्मोकपल, गॅसचा दाब, झडप, सगळं समजावतोय. त्या मान हलवतात, थँक यू सन म्हणतात आणि त्या गारठ्यात घरी जातात. तू कणीक मळत होतीस. मान वर न करता म्हणालीस, "तुला किती येतं ते त्यांना कळलं. बॉयलर कसा लावायचा ते नाही कळलं." मग हात धुऊन मला त्यांच्याकडे घेऊन गेलीस. कुठे दाबायचं, कधी सोडायचं, ज्योत धरली नाही तर काय करायचं, एवढंच सांगितलंस. आणि शेवटी, आता तुम्ही मला सांगा. भूल द्यायच्या आधी पेशंटलाही तू असंच विचारायचीस. मला तेव्हा ते परीक्षा घेतल्यासारखं वाटायचं.

शनिवारी मी लेखाची सुरुवात नव्याने लिहिली. गाळलं काहीच नाही. तज्ज्ञांचं ते खाली, जसंच्या तसं. वर फक्त हे यंत्र काय करतं, कुणाला लागतं, त्या दिवशी काय होतं, आणि काय बिघडू शकतं पण सहसा बिघडत नाही. मावशीला फोन करून वाचून दाखवलं आणि म्हटलं, आता तू मला सांग.

"कातडीखाली छोटं यंत्र. हृदय रेंगाळलं की ते ढकलणार. जागा बधिर करणार, मी जागीच असणार." मग थांबली. "आणि माझ्यासारख्या घरी परत येतात ना रे?"

"बहुतेक सगळ्या," मी म्हणालो.

दुसऱ्याच्या लेखात 'बहुतेक' दिसलं की मी लगेच 'संदर्भ हवा' असा शेरा लावतो. मावशी त्या एका शब्दावर ॲडमिट झाली. तेव्हापासून मी शोधतोय. सर्वसाधारण माणसांसाठी संदर्भ पुष्कळ आहेत. पण तिच्या वयाच्या, तिच्याइतकी जुनी शुगर असलेल्या बाईसाठी मी तो शब्द कशावरून वापरला, ते मला अजून सापडलेलं नाही.

फोन आलेला नाही. तू असतीस तर तिने लेख उघडलाच नसता, तुला विचारलं असतं. तुझा ग्लासगोचा नंबर अजून माझ्या फोनमध्ये आहे. सकाळी मी तो काढून बघितला.