पांढरे कप

प्रिय ताई,

तू पाठवलेल्या कपबशा सुखरूप पोचल्या. एकाही कपाचा कान दुखावला नाही. तू भोवती गुंडाळलेल्या जुन्या चादरी कामी आल्या म्हणायच्या. कप इतके पांढरेशुभ्र आणि नाजूक आहेत की हातात घेताना मीच श्वास रोखते. पण ह्यांनी पहिल्याच दिवशी नाक मुरडलं. त्यात चहाला चव लागत नाही म्हणे, आपला तो जाड, गडद निळा मगच बरा. शाळेची बस चालवून चालवून तुमची आवडही बससारखी दणकट झालीय, असं मी चिडवलं. हे हसले नाहीत. एरवी माझा टोमणा फुकट जाऊ देणारा हा माणूस नव्हे, तुला ठाऊक आहे.

मग मी बघायला लागले. आमचं टेबलही पांढरंच. त्यावर निळा मग असला की हे किटलीतून बिनधास्त चहा ओततात. पांढरा कप असला की आधी चाचपडतात, कडेच्या आत बोट धरतात आणि चहा बोटाला लागला की थांबतात. पोळलं तरी हूं की चूं नाही. परवा मी कप मांडले आणि चहा गाळणार, तेवढ्यात दारात शेजारीण आली. परत येऊन बघते तर हे रिकाम्या कपावर वाकून फुंकर घालत होते. मी गुपचूप कप उचलला आणि भरून आणला. काही घडलंच नाही अशा थाटात आम्ही दोघांनी चहा घेतला.

तेव्हापासून हे कामावर निघाले की माझे कान रस्त्याकडेच असतात. रस्त्यावर कुणी करकचून ब्रेक दाबला की हातातलं टाकून मी खिडकीशी धावते. ड्रायव्हरांच्या गेल्या तपासणीआधी हे दाढी करताना कसली तरी अक्षरं पुटपुटत होते. मला वाटलं, शब्दकोडं सोडवताहेत. डोळ्यांचा तक्ता पाठ करणं चाललं होतं ते! डॉक्टरकडे चला म्हटलं की अंगावर येतात. मग आपणच नरमतात आणि विचारतात, गाडी चालवणं सुटलं तर मी घरात बसून करू काय? पोरं ह्यांना बसमामा म्हणतात, त्यावरच हा माणूस जगतो.

कपांबद्दल फोनवरही बोलता आलं असतं, पण हे समोर बसून ऐकतात. म्हणून ही चिठ्ठी शेजारणीच्या हाती देतेय. शाळेच्या सगळ्या गाड्या भावोजींच्या ताब्यात आहेत. त्यांना सांग, आजच ह्यांच्याकडून किल्ली घ्या आणि दुसऱ्या तक्त्यावर डोळे तपासायला लावा. कुणी सांगितलं ते ह्यांना कळेलच. जन्मभर माझ्याशी बोलले नाहीत तरी मी सोसेन. आणि उद्या सकाळी तुझ्या नातीला बसमध्ये चढू देऊ नकोस. बाकीच्या पोरांच्या आयांना कुठल्या तोंडाने सांगू ते मला सुचत नाहीये, ताई.

तुझीच,
घाबरलेली धाकटी