लाल विमान वाळत नाही

५ डिसेंबर १९३७, रविवार
विमान पुरं झालं. म्हणजे रंग सोडून. बांबूच्या कामट्या, पतंगाचा कागद, कणकेची खळ. आमच्या प्रकाशा गावाच्या पंचक्रोशीत असं कुणाकडे नाही.
सारंगखेड्याचे हिलाल पाटील तिथल्या घोड्यांच्या यात्रेची गर्दी ओसरली की २६ तारखेला मला बघायला येणार. त्यांची मुलगी शांती मी गेल्या यात्रेत पाहिली आहे. एक घोडा बिथरला, तिने सरळ लगाम धरला. मी जिलबीच्या दुकानामागून पाहत होतो. लग्न करीन तर हिच्याशीच.
मागच्या दोन स्थळांनी "मुलगा काय करतो?" विचारलं तेव्हा बाबांना खोकला आला. या वेळी उत्तर ओसरीत टांगलेलं असेल.

७ डिसेंबर
मुंबईच्या मासिकात लिहिलंय, फिनिशिंगला रेड ऑइल-पेंट वापरावा. सुरतेहून मागवू म्हटलं तर बाबा उठून शेतात गेले. हरकत नाही. ऑइल म्हणजे तेल, रेड म्हणजे शेंदूर. याला डोकं लागतं. शेंगदाण्याच्या तेलात शेंदूर कालवून पहिला कोट दिला. सकाळपर्यंत वाळेल.

८ डिसेंबर
वाळला नाही. थंडी.

११ डिसेंबर
दुसरा कोट दिला. वरच्याने खालच्याला ओढून घ्यावं, असं शास्त्र असणार.
तेलाची बरणी रिकामी पाहून आईने घर डोक्यावर घेतलं. जेवायला बिनफोडणीची डाळ. वर म्हणे, इमान खाई ले आते, म्हणजे आता विमानच खा. मोठ्या कामात घरच्यांची साथ मिळेल तर शपथ!

१४ डिसेंबर
मुंग्या लागल्या. राख फुंकली. मुंग्या तशाच, राख मात्र चिकटली. ती झाकायला तिसरा कोट.
धाकटा भटू दिवसभर कापसात असतो, कलेशी संबंध नाही. तो म्हणाला, दादा, हाई काय उडनार नही. फिनिशिंग म्हणजे काय ते त्याला नीट समजावून सांगितलं. तो मधेच झोपला.
निश्चय: आता कुणाशी बोलायचं नाही. फक्त काम.

१८ डिसेंबर, शनिवार
संताप, संताप! वारं लागावं म्हणून विमान ओसरीत टांगलं. रंगाने पंख जरा झुकलेत, नाक फुगून गोल झालंय, एवढंच. समोरच्या जसोदाबाई आल्या. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. पायरीशी चपला काढल्या, हात जोडले आणि वाटीभर तेल थेट विमानाच्या नाकावर ओतलं! वर रुईची माळ. मी ओरडलो तर म्हणतात, शनवारना दिन, मारुती बसाडा, भलं करं बाप.
माळ काढायला गेलो तर आई आडवी. देवावरची माळ ओढतात का म्हणे. अगं, तो प्रोपेलर आहे!

२२ डिसेंबर
गल्लीभर झालं. बाया येतात, तेल घालतात, जातात. मग वाळणार कसं? कोणी मला विचारतंय का?
"हे विमान आहे" अशी मोठ्या अक्षरात पाटी लावली.

२३ डिसेंबर
पाटीला कुणीतरी कुंकू लावून गेलं.

२५ डिसेंबर, शनिवार
आज तर रांग. जाऊ दे. पाटील शिकल्या-सवरल्यांत वावरलेला माणूस आहे, त्यांना कळेल. एअरोनॉटिक्सवर बोलायचं पाठ केलं. आरशासमोर उत्तम जमलं.

२६ डिसेंबर, रविवार, संध्याकाळ
पाटील आले. मीच त्यांना बरोब्बर विमानाखाली बसवलं, नीट दिसावं म्हणून. भाषणाला तोंड उघडलं, तेवढ्यात भटू पाण्याचा तांब्या घेऊन पुढे झाला. त्याच्या मनगटावर वरून शेंदराचा थेंब. टप्प!
पाटील ताडकन उठले. विमानाला हात जोडून म्हणाले, देवानी कौल दिधा. तुमना धाकला आंडोर आमले पसंत शे. म्हणजे भटू!
मी म्हटलं, उमेदवार मी आहे. त्यांनी माझ्याकडे फार आदराने पाहिलं. म्हणाले, मारुतीनी सेवामा लागेल मानूसले संसारमा कसाले वढतस?
मी म्हटलं, सेवा कसली, हे विमान... बाबांनी माझा पाय दाबला. जोरात दाबला. थोरल्याआधी धाकट्याचं कसं करायचं हा पेचही पाटलांनीच सोडवला. देवाला वाहिलेला थोरला मोजत नाहीत म्हणे. आईने लगेच गूळ वाटला. भटू खाली मान घालून हसत होता. मला रडू आलं. सगळ्यांना वाटलं, भक्तीने.
निश्चय: साखरपुड्यात भर मांडवात उभं राहून खरं काय ते सांगायचं. शांती हुशार आहे. तिला पटेल.

१ जानेवारी १९३८, शनिवार
सारंगखेड्याला साखरपुडा झाला. सांगायला उभा राहिलो. सगळे एकदम उठून उभे राहिले. शांती पुढे आली, पदर सावरून माझ्या पायांवर डोकं ठेवलं. तिच्यामागे तिची आई, मावशी, मग सगळं बिऱ्हाड. त्यांना थांबवायला हात वर केला, तोच आशीर्वाद ठरला.
निघताना पाटलांनी भटूला अंगठी दिली. मला भगवी कफनी.
घरी येऊन घालून पाहिली. मापात बसते.