कधीच पाण्याबाहेर न काढलेली बोट

प्रिय नथ्थूभाऊ,

आज दुपारी बोट तपासणाऱ्या अधिकाऱ्यांनी फोनवर सांगितलं की तुझी बोट जास्त माणसांमुळे बुडाली नाही. इंजिनाखालचा पत्रा गंजून कागदासारखा झाला होता, तो फाटला. मी विचारलं, "हे लेखी देणार?" ते म्हणाले, "सही करूनच तुम्हाला फोन केला."

म्हणून आज लिहायला बसले. चार महिने पंचनाम्यात "जास्त माणसं भरली, चालकाचा निष्काळजीपणा" असं लिहिलेलं आहे. तुझा निष्काळजीपणा! उतरलेली सगळी माणसं जिवंत आहेत, त्यांना कोणी काही विचारलं का? पाणी आत येताना दिसल्यावर तू बोट उथळाकडे वळवलीस, सगळ्यांना उतरवलंस आणि भोकात घोंगडी कोंबायला खाली गेलास. बोट तिथून घसरून खोलात गेली, तुला घेऊन.

गावी परतून ही बोट चालवायला लागण्याआधी समुद्रकाठच्या सुक्या गोदीत तू बारा वर्षं काम केलंस. पहिल्यांदा सुटीवर आलास तेव्हा आईला ती गोदी समजावताना किती रंगला होतास! म्हणालास, चारी बाजूंनी बांध घातलेली धानाची भली मोठी बांधी समज. तिच्यात पाणी भरून जहाज आत घेतात, मग दार लावून सगळं पाणी उपसतात.

"मंग जहाज आडवं नाही होत?"

"ठोकळे रायतेत ना खाली, आई. पयलेच मांडून ठेवतेत."

"अन् एवढं पाणी काढतेत कायले?"

"तेचं पोट पाहाले."

"बाई! माह्या पोटाले कोणी पाहिलं नाही आजवर, अन् जहाजाचे लाड पाहा!"

तू हसत हसत पुढे सांगत होतास. तळाला चिकटलेले शिंपले खरवडायचे, हातोडीने ठोकून आवाजावरून पातळ पत्रा ओळखायचा, तो कापून नवा जोडायचा, मागचा पाणी कापणारा पंखा तपासायचा, मगच रंग. पाण्यात असताना जहाज नेहमी धडधाकटच दिसतं, असं तू म्हणायचास.

मासेमारीवर जगणाऱ्या आपल्या ढिवरांना हे वेगळं शिकवावं लागत नव्हतं. उन्हाळ्यात तलाव आटला की लाकडी डोंगा आपोआप कोरड्यावर यायचा. बाबा तो उलटा करून त्याच्याखाली बसायचे आणि उजेड कुठून येतो ते पाहून तिथे डांबर भरायचे. धरणाचं पाणी मात्र आटत नाही. त्यात लोखंडी बोट आली, आणि बाहेर काढायची सवयच गेली. लोखंडाला काय होतं, असं आपली माणसंही म्हणाली. मीही म्हणाले असेन.

तू एकट्याने ओरड केलीस. पंधरा दिवस बोट बंद ठेवा, वर ओढा, असा अर्जही दिलास. ठेकेदाराचा मॅनेजर चारचौघांत म्हणाला, "नथ्थू, हे का बंदर हाय? लोखंड हाय ते, तुह्या बापाचा डोंगा नाही सडाले!" आणि दरवर्षी पाण्यावर दिसतो तेवढ्या भागाला निळा रंग मारत राहिला. त्या रंगाची आज मला शिसारी येते. बोट पहिल्यांदा वर आली ती तुला बाहेर काढल्यानंतर, क्रेनने. तेव्हा बरी क्रेन मिळाली!

माझाही राग येतो, भाऊ. तू माझ्याकडे आला होतास. "शीला, छाप ना हे." मी विचारलं, "अर्जाची पोच आहे?" तू म्हणालास, "पोच कोण देते मले?" मी म्हटलं, कागदाशिवाय बातमी होत नाही. धरणावर जाऊन बोटीत बसावं, तळाचं पाणी डब्याने उपसताना तुला पाहावं, एवढंही मला सुचलं नाही? एवढी वर्षं बातम्या लिहून मी काय शिकले?

आणि तू? सगळं माहीत असताना रोज इंजिन काहून सुरू करत होतास? पलीकडच्या पोरींची शाळा बुडेल म्हणून? एक दिवस बुडू द्यायची होतीस रे!

वहिनीला सकाळी पंचनाम्याची नक्कल मिळाली होती. तिने ती वाचली नाही. संध्याकाळी मी अधिकाऱ्यांनी पाठवलेला अहवाल तिला फोनवर वाचून दाखवला. ती इतकंच म्हणाली, "मले माहीत होतं. आता त्यांच्या कागदात लिहाले लावा."

ते लिहून घेणारच. सोमवारी तहसील कार्यालयात सुनावणी आहे, अहवाल तिथे ठेवला जाईल. पण त्याच ठेकेदाराची दुसरी बोट अजून चालू आहे, तीही आजवर कधी पाण्याबाहेर आलेली नाही. तिचा चालक किसन याने आता लिहून दिलंय की वर काढल्याशिवाय तो तिला हात लावणार नाही. या वेळी त्या अर्जाची पोच मी स्वतः घेतली. बुधवारी ती बोट काठावर ओढायचं ठेकेदाराने कबूल केलंय.

मी तिथे असेन. ठोकळे नीट मांडलेत का ते पाहून बोटीखाली जाईन, हातोडीने पत्रा ठोकेन आणि जे सापडेल ते माझ्या नावाने छापेन. बोट वर आली नाही, तर ती का आली नाही ते गुरुवारच्या अंकात असेल.

तुझी,
शीला