ताठ गुडघ्याला आमची पसंती नव्हती

प्रति,
मा. सचिव,
वैद्यकीय साधने मंजुरी मंडळ, कंपाला.

विषय : आमच्या नावावर खपवलेली खोटी पसंती रद्द करून कृत्रिम पायाची मंजुरी रोखण्याबाबत.
संदर्भ : पाय बनवणाऱ्या कंपनीचा 'रुग्णांची पसंती' अहवाल, पान ३१.

महोदय,

मी तेओपिस्ता नान्तेझा, वय ५२, जिल्हा मसाका. ट्रकखाली माझा उजवा पाय मांडीपासून गेला.

१. मार्चमध्ये कंपनीचे श्री. लुब्वामा यांनी पाय गमावलेल्या आम्हा तेवीस जणांना बोलावून नवा पाय कसा हवा ते विचारले. मी सांगितले, "साहेब, गुडघा पूर्ण वाकला पाहिजे. आमच्यात बाईमाणूस पाहुण्यांना गुडघे टेकून नमस्कार करते." ते म्हणाले, "बाई, पाय चालायला असतो. तुमच्याकडे कोण राजा येणार आहे?" सगळे हसले. नंतर हजेरी म्हणून सह्या घेतल्या. त्याच सह्यांवर अहवाल म्हणतो, 'रुग्णांनी ताठ गुडघा एकमताने पसंत केला.'

२. ऑगस्टमध्ये भाचीच्या मागणीला आत्या म्हणून वरपक्षाचे स्वागत माझ्याकडे होते. कंपनीने आम्हाला चाचणीसाठी दिलेला पाय वाकेना, म्हणून उभ्यानेच मान लववली. मुलाचे आजोबा म्हणाले, "आत्याच एवढी ताठ, तर भाची काय वाकणार?" भावाने परोपरीने समजावले, पण म्हातारा उठला तो उठलाच. पाहुणे न जेवता गेले. लग्न मोडले. भाची माझ्याशी बोलत नाही.

३. यानंतर आपल्याकडे केलेली माझी पहिली तक्रार पोचताच श्री. लुब्वामा माझ्या अंगणात आले. पिशवीत पूर्ण वाकणारा पाय होता. "आत्या, हा तुमच्यापुरता. तेवढी तक्रार मागे घ्या." म्हणजे असा पाय करता येत होता! मी विचारले, "आणि बाकीचे बावीस?" "त्यांना कुठं माहीत आहे?" मी नकार देताच "नोकरी जाईल हो माझी" म्हणत ते दोन्ही गुडघ्यांवर बसले. मी उठा म्हटले नाही. चुलीवरची केळी शिजेपर्यंत बसू दिले. पिशवीही परत केली नाही.

४. तरी १४ तारखेच्या सुनावणीत श्री. लुब्वामा यांनी पान ३१ आमच्यासमोर, एकेकाच्या तोंडाकडे बघून, मोठ्याने वाचावे. त्यांची नोकरी वाचावी अशी माझी मुळीच इच्छा नाही. तेवीसांपैकी आम्ही एकोणीस जण कुबड्यांवर येऊ आणि कंपनीचे एकोणीस पाय आपल्या टेबलावर ठेवू. प्रत्येक पायाची वेगळी पोच मिळावी.

आपल्या उत्तराची वाट पाहणारी,
तेओपिस्ता नान्तेझा
दि. २ ऑक्टोबर

सोबत :
'आम्ही असे बोललो नाही' असे एकोणीस जबाब.
वाकणारा पाय, पिशवीसह.