लोधिवलीच्या बांधावरची हरकत

१७ जानेवारी १९४६, कर्जत
आज उगाच इंदू आठवली. बोर्डिंगच्या मागच्या पायरीवर रविवारी न्हाऊन केस वाळवत बसायचो. तिचं अक्षर वाईट, म्हणून तिचं घरचं पत्र मी लिहायचे. सांगेल ते सगळं, मांजर शिंकलं तेसुद्धा. वाचून दाखवलं की म्हणायची, "अय्या, अगदी मीच बोलतेय!" माझ्याहून धाकटी, तरी आधी गेली.

कचेरीत लोधिवलीच्या नव्या बांधावरच्या हरकती. लोक सांगतात, मी मराठीत उतरवते, वाचून दाखवते, अंगठा घेते. मग साहेबांसाठी इंग्रजी सार. बायजा म्हणून एक, माझ्याच वयाची, माझ्यासारखीच विधवा. "बांध नको असं नाय, बाय. पन वरच्या खाचरांचं पानी इथूनच खाली उतरतं. मोरी ठेवा, नायतर आमची रोपं कुजतील." वाचून दाखवलं. "बरोबर लिवलंत," म्हणाली.

१९ जाने.
सगळ्या हरकतींचं दोन पानी सार दिलं. साहेब (यापुढे सा., एवढा मान पुरे) म्हणाले, "बाई, कादंबरी नको. एक ओळ." ओळही त्यांनीच सांगितली: अज्ञानामुळे विरोध, विशेष मुद्दा नाही. मी म्हटलं, मोरीचं काय? "नगरकडे बांध घालण्यात हयात गेली माझी. कुणी मोरी मागितली नाही."
नगरला असा पाऊस पडतो का, विचारायला हवं होतं. टाइप केलं. खाली सही केली.
मराठी कागद रद्दीत टाका म्हणाले. लोकांचे अंगठे रद्दीत? दोन्ही सारांच्या कार्बन प्रतींसकट घरी आणले. ट्रंकेत, साड्यांखाली.

२३ मे
बांध पुरा. सरळ, देखणा. सा.नी त्यावर उभं राहून फोटो काढवला. मोरी नाही.

८ जुलै
रामभाऊ शिपाई सांगत आला. तीन दिवस रोपं पाण्याखाली होती. काल बायजा आणि वाडीतल्या बाया कुदळी घेऊन गेल्या, भरदुपारी बांध फोडला. "गानी म्हनत फोडला, बाई. सायबाच्या नावाचं पन एक हाय, तुमच्यासमोर म्हनवत नाय." मी खूप हसले.
सा. हसले नाहीत. सरकारी बांधाची नासधूस म्हणून फिर्याद. बाकीच्या बायांची नावं बायजा सांगेना, म्हणून तिच्या एकटीवर.

२ सप्टें.
फिर्यादीचं इंग्रजी माझ्याचकडे. 'या जागेविषयी पूर्वी कोणाचीही हरकत नव्हती.' बोटं थांबली. "काय झालं?" "रिबन अडकली." ते खोटारडे, आणि मी? शाळेत एवढ्यासाठी तासभर गुडघ्यांवर बसवत.

११ ऑक्टो.
बायजा कचेरीच्या ओट्यावर. "माजं तूच लिवलं व्हतंस ना गं? अंगठा दिलता मी. मग सायब नाय कसा म्हनतो?" आज 'तू' म्हणाली. मी म्हटलं, बघते. "बगतेस काय! तुज्या हातचं हाय."
घरी येऊन पातेलं आपटलं. राग तिचा नव्हे. सा.चा, आणि त्या सहीचा.

५ डिसें.
उद्या खालापूरच्या कोर्टात तारीख. आज सा.ना सांगून टाकलं, हरकती माझ्याकडे आहेत. "सरकारी कागद घरी? चोरी आहे ही!" "रद्दी होती, साहेब. आपणच म्हणालात." सा.नी उठून दार लावलं. मग हळू आवाजात: कागद सकाळी टेबलावर ठेवा, राजीनामा द्या, तुमचं मिटवतो. बायजाचं? "तिचं ती बघेल."

बायजाचे वकील म्हणतात, कोर्ट हे कागद मानेलच असं नाही, मलाही गोवतील. गोवू देत. उद्या साक्षीला जातेय; तिथेच अटक होऊन परत आले नाही तर म्हणून लिहून ठेवते. सगळ्या हरकती, अंगठ्यांसकट, बायजाच्या वकिलांच्या हातात द्याव्यात. कचेरीच्या टपालाने मुळीच नाही. माझ्या दोन पानी साराची प्रतही त्यांनाच. आणि ती एका ओळीची, खाली माझी सही असलेली. ती लपवू नये. ट्रंकेची किल्ली रामभाऊकडे. नवी घोंगडी बायजाला, कोर्टाच्या व्हरांड्यात दिवसदिवस बसवतात तिला. साहेबांना राजीनामा द्यायचा नाही. लिहिलेलाच नाही.