विहीणबाईंच्या शेतातली खसखस

अल खौद, मस्कत, शुक्रवार, संध्याकाळ

सुटले एकदाची. आमच्या लेकीच्या, मुग्धाच्या, सासूबाई तिच्यासोबत आज चेक देशातल्या त्यांच्या खेड्यातून मस्कतला पोचल्या, आणि बॅगेत खसखस नव्हती. अफूचं बी म्हणून इथे खसखस आणायला बंदी, हे वीस वर्षं राहून मला माहीत नाही? तरी फोनवर मीच बोलून गेले, “अनारशांना तुमच्या शेतातली आणा हं.” काय हे माझं तोंड.

त्यांनी खरंच दोन किलो भरली होती. मुग्धाच्या सासऱ्यांच्या वडिलांचं ते शेत तिथल्या कम्युनिस्ट सरकारने सामुदायिक शेतीत ओढलं होतं, फार वर्षांनी परत मिळालं. तिथली खसखस म्हणजे त्यांचा मान. मुग्धाने निघताना समजावून ती बाहेर काढली. मला वाटलं, दुखावल्या असतील.

चहा झाल्यावर त्यांनी कागद मागितला आणि आपल्या गावाचं चित्र काढलं. मधोमध तळं, चढावर चर्च, चाळीसेक घरं. मागच्या शेतात मात्र कितीतरी वेळ बारीक ठिपके देत बसल्या. मग माझ्याकडे बघून काहीतरी म्हणाल्या.

मुग्धाने सांगितलं, “आई, त्या म्हणतात, ही खसखस कोणी अडवली नाही.”

कागद फ्रिजवर लावलाय. उद्या अनारसे करते, नेहमीसारखे बिनखसखशीचे.